क्लच घसरतोय का? तपासणी, खर्च आणि घाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज वाईत आहे, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. इथून पाचगणी जेमतेम 12–13 किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त चढते. मे महिन्यात आणि डिसेंबरच्या सुट्ट्यांत गाड्यांची रांग लागली की संध्याकाळी आमच्या दारात जळक्या क्लचच्या गाड्या येतातच. लोक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि बरेचदा गिअरबॉक्स उतरवल्यानंतर विचारतात. ते आधी विचारायला हवेत, म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत.

क्लच घसरतो म्हणजे नेमकं काय होतं?

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील असतं. त्याला खेटून क्लचप्लेट, आणि तिच्या पाठीवर प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. या दाबावर आणि प्लेटच्या अस्तराच्या पकडीवर इंजिनाचा सगळा जोर गिअरबॉक्सकडे जातो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या पाकळ्या ढकलतं आणि पकड सुटते.

पेडलवर पाय नसतानाही ही पकड पुरी पडत नसेल, तर फ्लायव्हील जोरात फिरतं आणि प्लेट मागे राहते. त्यालाच क्लच घसरणं म्हणतात. घासून उष्णता होते, उष्णतेने अस्तर आणखी गुळगुळीत होतं, पकड आणखी कमी होते. त्यामुळे एकदा घसरायला लागलेला क्लच आपोआप सुधारत नाही. महिनाभर किरकोळ घसरणारी गाडी एका घाटात पूर्ण बसू शकते.

मला गाडीत बसून कसं कळेल?

सर्वात आधी कळतं ते वरच्या गिअरला. चौथ्या किंवा पाचव्या गिअरला चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा वर पळतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरला तीच गाडी ठीक वाटते. याचं कारण साधं आहे: खालच्या गिअरला गाडी चटकन वेग घेते, त्यामुळे क्लचवरचा ताण लवकर उतरतो. वरच्या गिअरला गाडी हळूहळू वेग घेते आणि तोवर इंजिनाचा पूर्ण जोर क्लचला धरून ठेवावा लागतो.

टर्बो डिझेलमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. जुन्या 1.3 लिटर डिझेल स्विफ्टचं इंजिन 2,000 आरपीएमला 190 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं; पेट्रोल स्विफ्टचं 1.2 लिटर इंजिन सुमारे 115, तेही 4,000 च्या आसपास. म्हणून डिझेलचा क्लच कमजोर झाला की टर्बो लागल्याबरोबर, 2,000 च्या जवळ, काटा एकदम उडी मारतो.

दुसरी खूण वासाची. जळक्या अस्तराचा वास करपलेल्या कागदासारखा, उग्र असतो. एकदा घेतला की विसरत नाही. पण फक्त वासावर जाऊ नका. घाटातून उतरल्यावर तापलेल्या ब्रेकचाही असाच वास येतो. चढताना आला तर क्लच, उतरताना आला तर बहुधा ब्रेक.

घरच्या घरी खात्रीने तपासायचा काही मार्ग?

आहे, आणि माझ्या मते सर्वात भरवशाचा मार्ग वहीचा आहे. गाडी ठरावीक गिअरला ठरावीक वेगात असेल तर आरपीएम ठरलेलाच असतो. रस्ता सपाट असो वा चढाचा, त्यात फरक पडत नाही, कारण दात्यांचं गणित बदलत नाही. तेव्हा सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरला 60 च्या वेगाला काटा कुठे आहे ते शेजारी बसलेल्या माणसाला लिहून ठेवायला सांगा. समजा 2,000. मग चढावर त्याच गिअरला, त्याच 60 ला, अ‍ॅक्सिलरेटर दाबून पुन्हा बघा. काटा 2,000 वरच असेल तर क्लच धरतोय. 2,400–2,600 दाखवत असेल तर मधला फरक प्लेटवर घासला जातोय. यात अंदाजाला जागाच नाही. जुन्या अल्टोसारख्या गाडीत आरपीएमचा काटा नसेल, तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून हेच आकडे बघता येतात.

दुसरी चाचणी: मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला 40 च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. चांगल्या क्लचची गाडी घुमते आणि हळूहळू वेग पकडते. घसरणाऱ्या क्लचमध्ये आवाज लगेच चढतो आणि वेग मागे राहतो.

तिसरी चाचणी हँडब्रेकची. सपाट जागा, समोर कोणीही माणूस किंवा भिंत नाही, हँडब्रेक ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर. तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं पाहिजे. ते आरामात चालूच राहिलं तर क्लच जवळजवळ संपलाय. मात्र उलट अर्थ लावू नका. इंजिन बंद पडलं म्हणजे क्लच उत्तम, असं सिद्ध होत नाही. नुकता घसरायला लागलेला क्लच ही चाचणी सहज पास करतो. आणि ती एकदाच करा. चार मित्रांना दाखवायला चार वेळा केली तर उरलेलं अस्तरही जाईल.

गाडी ओढत नाही, पिकअप गेलाय. म्हणजे क्लचच ना?

इथे सर्वात जास्त पैसे वाया जातात. पिकअप जाण्याची कारणं डझनभर आहेत: एअर फिल्टर चोंदलाय, टर्बोचा पाइप फुटलाय, इंधन नीट येत नाही, ब्रेक अडकून चाक जड झालंय. या सगळ्यांत आरपीएमही चढत नाही आणि वेगही चढत नाही. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तेव्हाच संशय क्लचवर घ्या.

ब्रेक अडकलाय का ते बघायचं तर थोडं चालवून थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न टेकवता धरून बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागलं तर दुखणं तिथे आहे.

क्लच घसरतो पण प्लेट चांगली आहे, असं होतं का?

होतं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून याच बाबतीत एक चूक झाली. एका जुन्या गाडीचा क्लच घसरत होता, मी गिअरबॉक्स उतरवला आणि बघतो तर प्लेटवर भरपूर अस्तर. कोणीतरी क्लच केबल इतकी आवळली होती की रिलीज बेअरिंग कायम पाकळ्यांवर दाबलेलं राहत होतं. नट थोडा सैल करण्याचं काम होतं. मालकाकडून मजुरी घेतली नाही, पण त्याचा एक दिवस गेला तो गेलाच. तेव्हापासून आमच्याकडे पेडलचा फ्री प्ले मोजल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

फ्री प्ले म्हणजे पेडल वरून हलकेच दाबताना जोर लागायच्या आधीचा मोकळा हिसका. केबलच्या गाडीत तो असलाच पाहिजे. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. अजिबात नसेल तर आधी केबल बघायची. प्लेट झिजत जाते तसा हा हिसका कमी होतो आणि क्लच वर लागू लागतो, म्हणून 'क्लच वर लागतोय' ही केबलच्या गाडीत कामाची खूण आहे. केबलऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा हायड्रॉलिक क्लच मात्र झीज स्वतःच भरून काढतो. तिथे प्लेट पार संपत आली तरी पेडल जवळजवळ तसंच लागतं.

आणखी एक कारण तेलाचं. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळलं, तर तेल थेट क्लचप्लेटवर उडतं. अशी प्लेट जाड असूनही घसरते, आणि पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवून उपयोग होत नाही, कारण तेल अस्तरात मुरलेलं असतं.

गिअर पडत नाही, रिव्हर्सला करकर येते. हेही घसरणंच का?

नाही, हे बरोबर उलटं आहे. घसरणाऱ्या क्लचमध्ये पकड पुरेशी बसत नाही. इथे पकड पूर्ण सुटत नाही. कारण बहुधा ताणून लांबलेली, सैल पडलेली केबल, हायड्रॉलिक क्लचच्या मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरमधून गळणारं तेल, किंवा लाइनमध्ये शिरलेली हवा. बऱ्याच गाड्यांत क्लचला ब्रेक ऑइलच लागतं आणि डबाही एकच असतो, तेव्हा डब्यातली पातळी उतरत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

पेडल दाबल्यावर घरघर आली आणि सोडल्यावर थांबली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलला पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग असण्याची शक्यता जास्त, आणि ते काम वेगळं.

क्लच साधारण किती किलोमीटर टिकतो?

याला एक आकडा नाही. पुण्याच्या रहदारीत रोज अडकणाऱ्या गाडीचा 40–60 हजारांत गेलेला मी पाहिलाय, आणि हायवेवर चालणाऱ्या गाड्यांचा लाखाच्या पुढे सहज गेलेलाही. एकच गाडी, पण चालवणारा बदलला की आयुष्य निम्मं होतं.

बदलायचा खर्च किती?

खालचे आकडे आमच्या भागातले, बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे आणि अंदाजाचे आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि मोठ्या शहरात मजुरी वाढते.

अल्टो, वॅगनआर, सँट्रो, पेट्रोल स्विफ्ट अशा छोट्या गाड्यांना प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग धरून सेट साधारण 3,000 ते 5,500 रुपये. गिअरबॉक्स उतरवून चढवायची मजुरी 2,000 ते 3,500. गिअर ऑइल, सील, लागली तर केबल, यांचे आणखी हजार-दीड हजार. म्हणजे सगळं मिळून 6,000 ते 10,500. छोट्या डिझेल गाड्यांना 8,000 ते 14,000 धरा. स्कॉर्पिओ, इनोव्हा, डिझेल क्रेटा अशा मोठ्या गाड्यांना 15,000 ते 30,000. फोर बाय फोर असेल तर चारही चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केसही उतरवावी लागते आणि मजुरी चढते.

ड्युअल मास फ्लायव्हील असलेल्या गाडीचा हिशेबच वेगळा. हे फ्लायव्हील दोन तुकड्यांचं असतं, मधे स्प्रिंगा असतात, आणि ते डिझेल इंजिनाचे धक्के शोषतं. ते खराब झालं असेल तर एकट्या त्याचेच 30,000 ते 60,000 रुपये जाऊ शकतात. न्यूट्रलला इंजिन बंद करताना खडखड, कडकड आवाज येणं ही त्याची नेहमीची खूण. अशी गाडी असेल तर काम सुरू करण्याआधी लेखी विचारा: फ्लायव्हील धरून भाव सांगताय की सोडून?

जीएसटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के कर आहे. त्याआधी क्लचसारख्या बऱ्याच भागांवर 28 टक्के होता. 10,000 च्या सेटचं बिल तेव्हा 12,800 व्हायचं, आता 11,800 होतं. कोणी जुना दरपत्रक दाखवत असेल तर कराचा आकडा नीट बघा.

फक्त प्लेट बदलली तर चालणार नाही का? हजार-दोन हजार वाचतील.

मी नाही म्हणतो, आणि कळकळीने म्हणतो. या कामात खरा त्रास गिअरबॉक्स उतरवण्याचा आहे. छोट्या गाडीला चार ते सहा तास जातात, मोठ्या गाडीला पूर्ण दिवस किंवा जास्त. 800 रुपयांचं रिलीज बेअरिंग वाचवलं आणि ते सहा महिन्यांनी आवाज करायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा भरायची. प्रेशर प्लेटची स्प्रिंगही त्याच उष्णतेत तापलेली असते. नव्या प्लेटला जुनी, मऊ पडलेली स्प्रिंग दाबणार कशी?

गिअरबॉक्स खाली आहे तोवर या गोष्टी स्वतः बघा किंवा फोटो मागा: फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे आहेत का, क्रँकचं मागचं सील ओलं आहे का, रिलीज बेअरिंगला ढकलणारा क्लच फोर्क झिजलाय का. साध्या फ्लायव्हीलवर हलके ओरखडे असतील तर लेथवर फेसिंग करून भागतं. ड्युअल मासवर तसलं काम करू देऊ नका.

सीलचा मुद्दा मी पुन्हा सांगतो, कारण मागे एक गाडी आमच्याकडे आली होती. दुसरीकडे कुठेतरी पूर्ण सेट बदलला होता, बिलही व्यवस्थित होतं, आणि 4,000 किलोमीटरमध्ये क्लच पुन्हा घसरत होता. उघडला तर नवी कोरी प्लेट तेलाने माखलेली. शे-पाचशे रुपयांचं सील कोणी बघितलंच नव्हतं. त्या माणसाने मुलीच्या क्लासच्या फीचे पैसे पहिल्या कामाला घातले होते. राग आला मला त्या दिवशी.

जुना माल परत मागावा का?

जरूर मागा. मजुरी देण्याआधी जुनी प्लेट हातात घ्या. अस्तरात रिव्हेट बसवलेले दिसतील. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर उरलं असेल तर प्लेट खरंच संपली होती. भरपूर उरलंय आणि कोरडं आहे, तर मिस्त्रीला विचारा की मग घसरत कशामुळे होतं. नव्या सेटचं खोकंही ठेवून घ्या. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी यांचे सेट बाजारात मिळतात आणि कंपनीचा ओरिजिनलही. पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या, कारण खोक्यावरचं नाव छापणं सोपं असतं.

आणि एक विनंती. गॅरेजमध्ये क्लचची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवताना दिसले तर पोरांना थांबवा. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायची, तोंडाला मास्क लावून.

वॉरंटी किंवा विम्यात मिळेल का?

सहसा नाही. प्लेटचं अस्तर हा झिजणारा भाग धरतात, त्यामुळे वॉरंटीतून वगळलेला असतो. नेहमीच्या मोटर विम्यातही झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही. गाडी अगदी नवी असेल आणि तेल गळून प्लेट खराब झाली असेल, तर मूळ दोष सीलचा आहे हे दाखवून वॉरंटीत मागता येतं. फोटो मात्र तेव्हाच काढून ठेवा.

माझी गाडी एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) आहे. क्लच पेडलच नाही, मग मला काय?

पेडल नाही, क्लच आहे. एएमटीमध्ये तोच कोरडा क्लच असतो, पेडलचं काम फक्त यंत्र करतं. घाटात रांगेत थांबताना ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तो क्लच पूर्ण वेळ घासत राहतो. पसरणी घाटात एएमटी गाड्यांचे क्लच याच सवयीने जाताना मी बघतो. ब्रेक दाबून थांबा, समोर जागा झाली की निघा. आणि बदलल्यानंतर स्कॅनर लावून पकड कुठे सुरू होते हे गाडीला पुन्हा शिकवावं लागतं. ती सोय नसलेल्या ठिकाणी काम देऊ नका. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या वेगळ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाड्यांना हे पान लागू नाही.

घाटात क्लच वाचवायचा कसा?

चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं बंद करा. क्लच जळण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेच आहे. रांग सरकत असेल तर समोर दोन गाड्यांची जागा होईपर्यंत थांबा, मग पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून पुढे जा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. डावा पाय पेडलवर टेकवून चालवू नका. हॉटेलच्या उतारावर रिव्हर्समध्ये गाडी वर चढवताना एका वेळी जमलं नाही तर मधे दोन मिनिटं थांबा. भरलेल्या गाडीने दुसरी गाडी ओढू नका.

घाटातच वास आला आणि गाडी चढेना, तर?

कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांमागे दगड लावा. क्लचवर पाणी ओतू नका, तापलेलं बीड तडकतं. अर्धा तास तरी थंड होऊ द्या. मग माणसं उतरवा, सामान कमी करा, दगड काढायला विसरू नका, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला, अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून निघा. पुढे चढायचा हट्ट सोडा, वळवायला जागा मिळाली की परत खाली या. उतरताना गिअरमध्येच राहा, पण इंजिनाने गाडी धरणं कमी वाटलं तर ते क्लच घसरल्यामुळे आहे हे ध्यानात ठेवून ब्रेक लवकर लावा. तेवढंही होत नसेल तर टोइंग बोलवा.

नवा क्लच बसवला. लगेच पाचगणीला जाऊ का?

पहिले 400–500 किलोमीटर जरा सांभाळून. अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसायला वेळ लागतो. भरलेली गाडी घेऊन घाट आणि हाफ क्लच टाळा. पेडल हलकं वाटेल आणि क्लच खाली लागेल, ते बरोबरच आहे. गाडी सुटताना थरथरत असेल आणि आठवड्याभरात ते गेलं नाही, तर परत दाखवा. आठवडाभराने गाडीखाली गिअरबॉक्सच्या जोडाजवळ ओल दिसते का, तेही बघा. 1,000 किलोमीटर झाल्यावर गाडी घेऊन या. केबलचा ताण पुन्हा बघायला पाच मिनिटं लागतात, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.